हर्श यांची बातमी: माणूस बघायचा की कागद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहात. घरच्या ग्रुपवर काका अमेरिकी शोधपत्रकार सेमूर हर्श यांचा लेख, रशियातून जर्मनीला गॅस नेण्यासाठी बांधलेली नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन अमेरिकेनेच उडवली असं सांगणारा, फिरवतात आणि म्हणतात, "ज्याने माय लाय बाहेर काढलं तो खोटं कशाला लिहील?" वर्गात सर म्हणतात, "हर्श केव्हाच संपले, आता एका निनावी माणसाच्या भरवशावर कहाण्या लिहितात." यातलं कुणाचं खरं मानायचं?

मला विचाराल तर काका आणि सर दोघंही माणसाला मार्क देताहेत. एकाने नव्वद दिले, दुसऱ्याने पस्तीस. तुमची खरी अडचण वेगळी आहे. ज्या बातमीचं सूत्र आपल्याला कधीच दिसणार नाही, ती वाचकाने तोलायची कशी, हा तुमचा प्रश्न आहे. हर्श हे त्याचं उत्तम उदाहरण, कारण या एकाच माणसाच्या नावावर विसाव्या शतकातली काही सर्वांत पक्की कामं आहेत आणि काही सर्वांत वादग्रस्तही.

माझ्याबद्दल एवढंच, की मी बातमीदार कधीच नव्हतो. तीस वर्षं डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पान लावण्यात काढली, त्यातली बरीचशी परदेश आणि संरक्षणाच्या पानावर. दुसऱ्याने आणलेल्या कॉपीवर संशय घ्यायचा, याचाच मला पगार मिळत होता. त्यामुळे माझं उत्तर डेस्कच्या बाजूचं आहे. मैदानात फिरणारा बातमीदार कदाचित वेगळं सांगेल.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. उत्तर बरंचसं वेळेवर अवलंबून असतं. बातमी आजची असेल तर तुम्ही फक्त अंदाज बांधू शकता. दहा वर्षांनी तीच बातमी पुन्हा उघडली, तर मधल्या काळात चौकश्या, खटले, खुले झालेले दस्तऐवज हाताशी असतात. हर्श यांची जुनी कामं आपल्याला भक्कम वाटतात त्याचं एक कारण हेही आहे, की ती सिद्ध व्हायला पन्नास वर्षं मिळाली.

माय लायपासून सुरू करू, कारण काकांचा सगळा भार तिथे आहे. १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैनिकांच्या एका तुकडीने व्हिएतनाममधल्या त्या खेड्यात बायका, मुलं, म्हातारे गोळ्या घालून मारले. व्हिएतनामी मोजदाद ५०४ ची आहे. लष्कराने तेव्हा ती शत्रूविरुद्धची यशस्वी कारवाई म्हणून जाहीर केली. सप्टेंबर १९६९ मध्ये लेफ्टनंट विल्यम कॅलीवर आरोप ठेवल्याची अगदी छोटी बातमी आली आणि कुणाच्या लक्षातही राहिली नाही. ऑक्टोबरमध्ये हर्श यांना एक फोन आला, की एका अधिकाऱ्यावर नागरिकांच्या हत्येचा खटला गुपचूप चालवायचं चाललंय. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि कुठल्याही वर्तमानपत्रात नोकरीला नव्हते. पूर्वी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या बातम्या देत, १९६७ मध्ये ती नोकरी सोडली होती. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की पेंटॅगॉनच्या बोळात एका ओळखीच्या अधिकाऱ्याने गुडघ्याजवळ हात धरून सांगितलं, त्या कॅलीने याहून उंच कुणाला मारलं नाही. म्हणजे मरणारी लेकरं होती. तो अधिकारी कॅलीची बाजू घेत नव्हता, संतापला होता, आणि बोलता बोलता आडनाव देऊन गेला.

मग ते सॉल्ट लेक सिटीला गेले. कॅलीचे वकील जॉर्ज लॅटिमर यांच्या ऑफिसात समोरासमोर बसले. लॅटिमरनी आरोपपत्र बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं, अर्थातच स्वतःकडे तोंड करून. हर्श वकिलाशी बोलत होते, वहीत काहीतरी टिपत होते. प्रत्यक्षात ते समोरचा कागद उलटा वाचून शब्दन् शब्द उतरवत होते. १०९ 'पौर्वात्य मानवां'चा खून, असा आरोप होता. कागदावर लष्करानेच ते लिहिलं होतं. पुढे जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगच्या तळावर दिवसभर शोधाशोध करून रात्री त्यांनी खुद्द कॅलीला गाठलं.

इथे जरा थांबा. आरोपपत्र लष्कराचं. वकील नावानिशी. आरोपी स्वतः बोलला. डेस्कवर अशी कॉपी आली असती तर मी फक्त शुद्धलेखन बघितलं असतं. तरीही 'लाइफ' आणि 'लुक' या मोठ्या नियतकालिकांनी ती घेतली नाही. डिस्पॅच न्यूज सर्व्हिस नावाच्या चिमुकल्या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर १९६९ मध्ये ती विकली आणि तीसहून जास्त वर्तमानपत्रांनी छापली. आठवडाभरात क्लीव्हलँडच्या 'प्लेन डीलर'ने लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली यांचे फोटो छापले. हर्श यांनी इंडियानात जाऊन पॉल मीडलो हा सैनिक गाठला. मी स्वतः गोळ्या घातल्या, असं त्याने टीव्हीवर सांगितलं. पत्रकारितेचं १९७० चं पुलित्झर पारितोषिक त्यानंतर आलं.

माझ्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट त्या आठवड्यात आहे. हर्श ज्या वाटेने गेले, त्या वाटेने दुसरा कुणी गेला तर त्यालाही तेच सापडत होतं. बातमी पहिल्याला नशिबाने मिळते. ती खरी असेल तर दुसऱ्याला आणि तिसऱ्यालाही मिळायला हवी.

आता सर म्हणतील, राष्ट्रीय सुरक्षेच्या बातमीत नेहमी असा कागद कुठून मिळणार? बरोबर आहे. २२ डिसेंबर १९७४ ला हर्श यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर लिहिलं, की सीआयए या गुप्तचर संस्थेने कायदा मोडून अमेरिकेतल्याच युद्धविरोधी नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर पाळत ठेवली. सूत्रं निनावी होती, आणि बातमी फुगवली आहे असं इतर पेपरांतले बरेच जण म्हणत होते. पण छापण्यापूर्वी हर्श सीआयएचे प्रमुख विल्यम कोल्बी यांना भेटले होते आणि कोल्बींनी सगळं झटकून टाकलं नाही, काही भाग मान्य केला. त्यानंतर रॉकफेलर चौकशी आयोग, सिनेटर चर्च यांची सिनेट समिती, आणि २००७ मध्ये सीआयएने स्वतः खुली केलेली सुमारे ७०० पानं. कागद नंतर आला, पण आला. निनावी म्हणजे खोटं, हे समीकरण सरांनी वर्गात मांडलं असेल तर ते सोडून द्या. अशा सूत्राला तुरुंगाची भीती असते, बातमीदारालाही असते. १९७५ मध्ये हर्श यांनी अमेरिकी पाणबुड्यांच्या हेरगिरीवर लिहिलं, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये असलेल्या डिक चेनी यांनी केलेल्या टिपणात, हर्श यांच्या घराची झडती घ्यायची का, हाही एक पर्याय होता.

मग घसरलं कुठे? लोक 'आधी चांगले, नंतर बिघडले' असं सांगतात. वर्षं लावून बघितली तर तसं काही दिसत नाही. १९७४ मध्येच, कीर्ती शिखरावर असताना, त्यांच्या बातम्यांतून चिलीतले माजी अमेरिकी राजदूत एडवर्ड कोरी हे तिथले राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्याविरुद्धच्या कारस्थानात सामील असल्याचं चित्र उभं राहिलं. ते चूक होतं. १९८१ मध्ये 'टाइम्स'ने पहिल्या पानावर हर्श यांच्याच नावाने लांबलचक लेख छापून ते दुरुस्त केलं. याउलट २००४ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळावर 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्यांनी जे लिहिलं त्याचा आधार मेजर जनरल टागुबा यांचा ५३ पानी लष्करी अहवाल होता. इथेही कागद होता आणि सीबीएस वाहिनीने दाखवलेले फोटो होते. तो तपशील आजवर कुणी हलवू शकलेलं नाही.

कोरींच्या दुरुस्तीवरून आमच्याकडची एक गोष्ट आठवली, ती सांगतोच. नव्वदीच्या दशकात आमच्या बातमीदाराने रात्री दहाला कॉपी आणली, की कोकण किनाऱ्याजवळ शस्त्रं असलेलं जहाज पकडलं. मी विचारलं, सूत्रं किती? म्हणाला, दोन, वेगवेगळ्या खात्यांतली. डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटं होती. मी पान लावलं. दोन दिवसांनी कळलं, पकडली होती ती डिझेलची चोरटी वाहतूक करणारी मच्छीमार बोट. आणि दुसऱ्या सूत्राला ही माहिती पहिल्या सूत्रानेच चहा पिताना दिली होती. दोन माणसं, पण सूत्र एकच. आमचा खुलासा आतल्या पानावर, 'जागा भाड्याने देणे आहे'च्या वर, चार ओळींत आला. तेव्हापासून मी 'सूत्रं किती' असं विचारणं सोडलं आणि 'त्यांना कुणी सांगितलं' असं विचारू लागलो.

हर्श यांच्या अडचणीच्या बातम्यांना हा प्रश्न लावून बघा. आपल्याला सगळ्यात जवळची मोरारजी देसाईंची. १९८३ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्यावरच्या पुस्तकात हर्श यांनी लिहिलं, की मोरारजी सीआयएचे पगारी खबरे होते, वर्षाला २० हजार डॉलर मिळत. आमच्या घरी तो दिवस मला आठवतो. वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले. मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी होते, हे ते मरेपर्यंत विसरले नाहीत. त्यांनी पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मला ठाऊकच होतं." त्यांना काय ठाऊक होतं? काहीच नाही. हुतात्मा चौकाचा राग होता, त्याला बातमी मिळाली.

डेस्कच्या नजरेने बघितलं तर पहिली शंका तारखेची. त्या आरोपाचा मुख्य झोत १९७१ च्या युद्धकाळावर होता. पण मोरारजी जुलै १९६९ मध्येच इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि १९७१ मध्ये विरोधी काँग्रेसमध्ये होते. मंत्रिमंडळाच्या बैठकीतलं त्यांना आतून कळणार कसं? यामुळे आरोप आपोआप खोटा ठरत नाही, पण कॉपी परत पाठवायला एवढं पुरे होतं.

मोरारजींनी शिकागोच्या न्यायालयात ५ कोटी डॉलरचा दावा लावला. १९८९ मध्ये तो सुनावणीला आला तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते, प्रवास करण्याच्या अवस्थेत नव्हते. किसिंजर यांनी साक्ष दिली, की माझ्या माहितीप्रमाणे मोरारजींचा सीआयएशी संबंध नव्हता. हर्श यांनी सूत्रांची नावं उघड केली नाहीत. ज्यूरीने निकाल हर्श यांच्या बाजूने दिला. इथे काकांसारखे लोक म्हणतात, "कोर्टाने खरं ठरवलं." तसं झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सुलिव्हन निकालापासून अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीने बदनामीचा दावा जिंकायचा तर लेखकाला खोटं माहीत होतं, किंवा खरंखोटं न बघता त्याने बेफिकिरीने छापलं, हे दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही, एवढाच निकालाचा अर्थ. आणि किसिंजरांच्या साक्षीवर उड्या मारणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, की ते पुस्तक किसिंजरांविरुद्धच होतं. मोरारजी एप्रिल १९९५ मध्ये गेले. आरोप न सिद्ध झाला, न पुसला गेला. मला विचाराल तर मी तो छापला नसता.

भारत-पाकिस्तानबद्दलची त्यांची दुसरी मोठी बातमी मार्च १९९३ ची. १९९० च्या वसंतात दोन्ही देश अणुयुद्धाच्या काठावर होते आणि पाकिस्तानने एफ-१६ विमानांवर अण्वस्त्रं सज्ज ठेवली होती, असं त्यांनी लिहिलं. त्या वेळी दिल्ली आणि इस्लामाबादला असलेल्या अमेरिकी राजदूतांनीच पुढे हे चित्र अतिरंजित असल्याचं सांगितलं. तणाव खरा होता, अमेरिकी अध्यक्षांचे दूत म्हणून रॉबर्ट गेट्स मे महिन्यात धावत आलेही होते. पण वॉशिंग्टनमधल्या एखाद्या विश्लेषकाला जे दिसतं आणि रावळपिंडीत जे घडतं, त्यात अंतर असतं. ते अंतर बातमीत दिसायला हवं होतं.

आणि १९९७ ची ती केनेडींची कागदपत्रं. इथे तर कागद होता! राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्यातल्या कराराची कागदपत्रं म्हणे. हर्श यांचा त्यावर विश्वास बसला होता. मग कुणीतरी पत्ता नीट वाचला. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या म्हणवणाऱ्या पत्रावर झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) होता आणि अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये आले. टाइपरायटरवर चूक उचलून काढणारी जी रिबन वापरलेली दिसत होती, ती तर सत्तरच्या दशकातली. हर्श यांनी तो भाग पुस्तक छापण्याआधी काढला, बनावट करणारा पुढे दोषी ठरला. विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कागद मिळाला म्हणजे काम संपत नाही. तो कधी आणि कशावर टाइप झाला, हेही बघावं लागतं.

आता नॉर्ड स्ट्रीमकडे येतो, पण त्याआधी एक उतरंड दाखवतो. 'न्यूयॉर्कर'मध्ये असताना हर्श यांच्या निनावी सूत्रांशी तिथले तथ्य तपासणारे लोक स्वतः बोलत आणि संपादकाला नावं माहीत असत. २०१३ मध्ये सीरियात दमास्कसजवळच्या घूटा भागात सरीन या विषारी वायूने झालेल्या हल्ल्याबद्दल असद सरकारला दोष देण्यावर शंका घेणारा लेख 'न्यूयॉर्कर'ने घेतला नाही. तो 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'ने छापला. २०१५ चा ओसामा बिन लादेनवरचाही तिथेच. २०१७ मध्ये खान शेखून इथल्या रासायनिक हल्ल्यावरचा लेख 'लंडन रिव्ह्यू'नेही नाकारला आणि तो जर्मनीच्या 'वेल्ट' वृत्तपत्रात आला. त्या हल्ल्यामागे सीरियाचं सरकारच होतं, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या तपास यंत्रणेने त्याच वर्षी काढला. आणि ८ फेब्रुवारी २०२३ चा नॉर्ड स्ट्रीमचा लेख सबस्टॅक या संकेतस्थळावरच्या स्वतःच्या पानावर. दर पायरीला एक चाळणी कमी होत गेली.

कुणी नाकारलं म्हणजे खोटं, असं मी म्हणत नाही. माय लायही नाकारली गेली होती. बिन लादेनवरच्या लेखातला एक भाग, की एका पाकिस्तानी गुप्तचर अधिकाऱ्याने स्वतः येऊन अमेरिकेला माहिती विकली, त्याला काही प्रमाणात दुजोरा देणाऱ्या बातम्या इतरांनीही नंतर दिल्या. बाकीचा बराच भाग लटकत राहिला. म्हणजे एकाच लेखातले चार दावेही वेगवेगळे तोलावे लागतात.

नॉर्ड स्ट्रीमचा दावा असा, की जून २०२२ मध्ये बाल्टोप्स या नौदल सरावाच्या आडून अमेरिकी पाणबुड्यांनी (म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनी, जहाजांनी नव्हे) नॉर्वेच्या मदतीने स्फोटकं लावली आणि २६ सप्टेंबरला ती उडवली. सगळं एका निनावी सूत्रावर. काका म्हणतील, किती बारीक तपशील आहेत बघ! तपशिलाने वाचक भुलतो, डेस्कने भुलू नये. तपशील उपयोगी असतो तो तपासता येतो म्हणून. लेखात नॉर्वेच्या आल्टा वर्गातल्या सुरुंगशोधक जहाजाचा उल्लेख होता. लोकांनी खुल्या नोंदी काढल्या, तेव्हा सरावात गेलेलं जहाज वेगळ्या वर्गाचं निघालं. नाटोचे तेव्हाचे प्रमुख स्टोल्टेनबर्ग व्हिएतनाम युद्धापासून अमेरिकी गुप्तचरांना सहकार्य करत आले, असंही त्यात होतं. स्टोल्टेनबर्ग जन्मले १९५९ मध्ये. युद्ध संपलं तेव्हा पोरगा सोळा वर्षांचा होता.

व्हाइट हाउसने इन्कार केला, हे मात्र पुराव्यात धरू नका. सरकारं खऱ्या बातम्याही नाकारतात. मी बघतो ते त्या वाटेने गेलेल्या दुसऱ्यांना काय सापडलं. जर्मन तपास यंत्रणा 'आंद्रोमेडा' नावाच्या भाड्याच्या नौकेपर्यंत आणि काही युक्रेनियन संशयितांपर्यंत पोचल्या. त्यातल्या एकाला ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीत अटक झाली. हर्श यांच्या वाटेने गेलेल्या कुणालाही त्यांचं सूत्र सांगतं ते सापडल्याचं मी वाचलेलं नाही.

असं का झालं असावं? हा माझा निव्वळ अंदाज. १९७० च्या आसपास त्यांचे स्रोत कामावर असलेले लोक होते, ज्यांच्या टेबलावर फाइल होती. पन्नास वर्षांनी बातमीदार म्हातारा होतो तसे त्याचे स्रोतही निवृत्त होतात. निवृत्त माणसाला फोन येतात, गप्पा कळतात, फाइल दिसत नाही. आमच्याकडेही असे निवृत्त अधिकारी रोज संध्याकाळी डेस्कवर फोन करायचे. आवाज तोच, दरारा तोच. सांगणं मात्र ऐकीव.

तेव्हा अभ्यास म्हणून माय लायचे मूळ तीन वृत्तान्त आणि नॉर्ड स्ट्रीमचा लेख शेजारी ठेवून वाचा. पेन्सिलीने प्रत्येक दाव्याच्या बाजूला लिहा, हे कुणाला, कसं कळलं. पहिल्यात समास नावांनी भरेल. दुसऱ्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागेल.

आणि काका साठीच्या पुढचे असतील तर त्यांना सहज विचारून बघा, मोरारजींची ती बातमी तेव्हा त्यांना खरी वाटली होती का, आणि कशामुळे.